रोमन नाणं ओळखायचं कसं: काट्यापासून चिठ्ठीपर्यंतचा क्रम

रोमन नाणं हातात आलं की बहुतेक जण आधी चेहरा बघतात. मग फोनवर फोटो टाकून नाव शोधतात, आणि नाव मिळालं नाही की नाणं घासायला घेतात. इथे सगळा क्रम उलटा झालेला असतो. चौथ्या शतकातल्या तांब्याच्या नाण्यांवर सम्राट कॉन्स्टंटाइन आणि त्याचे मुलगे एकाच वळणाचे दिसतात, त्यामुळे चेहऱ्यावरून केलेला अंदाज तिथे हमखास फसतो. आणि घासल्यावर जी अक्षरं जातात ती परत येत नाहीत.

खालचा क्रम रोमन साम्राज्याच्या नाण्यांसाठी आहे, म्हणजे पहिला सम्राट ऑगस्टस याच्यापासून पुढची साधारण पाचशे वर्षं. कागद, वजन, धातू, मागची बाजू, टांकसाळ, लेख (नाण्यावर कोरलेली अक्षरं), काळ, सूची (छापील यादीतला क्रमांक), असं एकेक करत जायचं. चेहऱ्याकडे सगळ्यात शेवटी बघायचं. साफसफाई त्याच्याही नंतर, आणि बऱ्याचदा करायचीच नाही.

## तयारी: टेबलावर काय हवं

- ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा डिजिटल काटा आणि तो तपासायला एक प्रमाणित वजन
- प्लॅस्टिकचा व्हर्नियर कॅलिपर (लोखंडी जबड्यांनी कडेला ओरखडे पडतात)
- दहापट मोठं दाखवणारं सोनाराचं भिंग
- मान वळवता येणारा टेबललॅम्प
- खाली अंथरायला जाडसर मऊ कापड
- पेन्सिल आणि कोऱ्या चिठ्ठ्या

हात साबणानं धुऊन पूर्ण कोरडे करा. नाणं नेहमी कडेनं धरा आणि कापडापासून दोन-तीन इंचांहून वर उचलू नका. दिवा वरून मारू नका. तो टेबलाच्या पातळीला आणून आडवा प्रकाश टाका आणि नाणं हळूहळू फिरवा. सपाट उजेडात कोरी वाटणारी जागा आडव्या उजेडात बोलायला लागते. झिजलेल्या अक्षराची एक बाजू उजळते, दुसरी सावलीत जाते, आणि "इथे काहीच नाही" असं वाटणाऱ्या ठिकाणी दोन-तीन अक्षरं उभी राहतात.

सावध: चांदीचा रुपया पारखताना आपण तो फरशीवर आपटून आवाज ऐकतो. रोमन चांदीच्या बाबतीत हे करूच नका. दीड-दोन हजार वर्षांत चांदीची आतली रचना ठिसूळ झालेली असू शकते आणि नाण्याचे सरळ दोन तुकडे होतात. कसोटीच्या दगडावर घासणंही नको. त्यातून कळतं ते वरच्या थरापुरतं, ओरखडा मात्र कायमचा राहतो.

## टप्पा १: पैसे देण्याआधी कागद

नाणं कुठून आलं, हे विकत घेतानाच विचारायचं. नंतर विचारलं तर उत्तर मिळत नाही.

भारतात शंभर वर्षांहून जुनं नाणं कायद्यानं पुरावस्तू ठरतं. पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती कायदा, १९७२ नुसार पुरावस्तूंच्या विक्रीचा धंदा करायला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला पुरावस्तू देशाबाहेर नेता येत नाही. परदेशात राहणाऱ्या मराठी संग्राहकांनी हे विशेष लक्षात ठेवावं. सुट्टीत घरच्यांना दाखवायला आणलेलं नाणं परत नेताना विमानतळावर अडू शकतं. आणायचंच असेल तर आधी सीमाशुल्क आणि पुरातत्त्व खात्याकडे चौकशी करा. खरेदीची पावती आणि येताना केलेली नोंद जपून ठेवा.

शेतात, विहिरीच्या खोदकामात किंवा जुन्या घराच्या पायात नाणी सापडली तर १८७८ चा भारतीय निखात निधी कायदा लागू होतो. दहा रुपयांहून जास्त किमतीचा निधी (पुरलेलं धन) सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. "शेतात सापडलं, कुणाला माहीत नाही" असं सांगून कुणी नाणं विकत असेल तर ते घेऊ नका. कायद्याचा प्रश्न आहेच. शिवाय जागेवरून उचललेल्या नाण्याची अर्धी माहिती त्या क्षणीच संपते. कोणत्या थरात होतं, सोबत कोणती नाणी होती, मडक्यात होतं की मोकळं, हे पुन्हा कधीच कळत नाही. इंग्लंडमध्येही १९९६ च्या कायद्यानुसार निधी सापडल्यावर १४ दिवसांत कळवावं लागतं, आणि तुर्कस्तानातून पुरावस्तू बाहेर नेता येत नाहीत. "थेट तिकडून आणलंय" हे विक्रेत्याचं वाक्य धोक्याची सूचना समजा.

तपासा: पावतीवर विक्रेत्याचं नाव, तारीख, नाण्याचं वर्णन, वजन आणि शक्यतो फोटो आहे का? जुन्या संग्रहाची चिठ्ठी सोबत असेल तर तीही मागून घ्या. ती चिठ्ठी नाण्याचाच भाग आहे.

## टप्पा २: वजन, व्यास, अक्ष

काटा सपाट जागी ठेवा, पंखा बंद करा. प्रमाणित वजन ठेवून काटा बरोबर आहे ना ते बघा आणि मग नाणं तीनदा तोला. तीन आकड्यांत ०.०२ ग्रॅमहून जास्त फरक आला तर बॅटरी बदला. व्यास दोन दिशांनी मोजा, कारण रोमन नाणी क्वचितच पूर्ण गोल असतात.

अंदाजासाठी काही आकडे:

- ऑरियस (सोनं): ऑगस्टसच्या काळात साधारण ७.८ ग्रॅम, नीरोनं इ.स. ६४ मध्ये वजन उतरवल्यानंतर ७.३ च्या आसपास
- सॉलिडस (सोनं, चौथ्या शतकापासून): ४.४ ते ४.५ ग्रॅम
- दिनारियस (चांदी): ऑगस्टसच्या काळात ३.९ च्या जवळ, नीरोनंतर ३.४ आणि पुढे त्याहून कमी
- अँटोनिनियानस (इ.स. २१५ पासून): सुरुवातीला ५ च्या आसपास, पुढे ३ किंवा त्याहूनही कमी
- सेस्टर्टियस (पितळ): साधारण २५ ग्रॅम, ३२ ते ३५ मिमी
- डुपाँडियस आणि अ‍ॅस: १० ते १३ ग्रॅम, २५ ते २८ मिमी
- डायोक्लीशनचं मोठं काशाचं नाणं, ज्याला संग्राहक फॉलिस म्हणतात (इ.स. २९४ पासून): सुरुवातीला १० ग्रॅम

फॉलिसचं वजन फार वेगानं घसरलं. इ.स. ३१० च्या सुमारास ते साडेचार ग्रॅमवर आलं, ३३० ला अडीचवर आणि ३३५ नंतर दीडच्या घरात. त्यामुळे नुसतं वजन आणि व्यास लिहूनही तुम्ही चौथ्या शतकातल्या एखाद्या दशकाच्या जवळ पोहोचता, तेही एकही अक्षर न वाचता.

आता अक्ष, म्हणजे पुढच्या चित्राच्या मानानं मागचं चित्र किती वळलेलं आहे ते. नाण्याची चेहऱ्याची बाजू सरळ धरा, वरचं आणि खालचं टोक दोन बोटांत पकडा आणि उभ्या आसाभोवती फिरवा. मागचं चित्र सरळ दिसलं तर अक्ष १२ वाजता, उलटं दिसलं तर ६ वाजता. साम्राज्याच्या टांकसाळींत बहुतेक नाणी या दोन स्थितींजवळ पडतात. वेगळा अक्ष आला म्हणून नाणं लगेच खोटं ठरत नाही, पण आकडा लिहून ठेवा. पुढे उपयोगी पडतो.

सावध: वजन फार कमी आलं म्हणजे आधुनिक बनावट, असा निष्कर्ष घाईनं काढू नका. रोमन काळातच तांब्याच्या गाभ्यावर चांदीचा पत्रा चढवून खोटे दिनारियस पाडले जात. पत्रा फाटलेल्या जागी आत हिरवट किंवा लालसर तांबं दिसतं. ती प्राचीन बनावट आहे आणि तिचीही नोंद संग्रहात करतात, फक्त किंमत चांदीच्या नाण्याची द्यायची नाही.

## टप्पा ३: धातूची खात्री

सोनं-चांदीसाठी पाण्यातलं वजन हा सगळ्यात निरुपद्रवी मार्ग. काट्यावर डिस्टिल्ड पाण्याचा छोटा कप ठेवून काटा शून्यावर आणा. नाणं बारीक दोऱ्यानं बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला किंवा बाजूला टेकू देऊ नका. चिकटलेले बुडबुडे दोरा हलवून घालवा. काट्यावर जो आकडा येईल त्यानं हवेतल्या वजनाला भागा.

उदाहरणार्थ, ३.४० ग्रॅमचं नाणं आणि पाण्यात ०.३३ हा आकडा, म्हणजे भागाकार १०.३. शुद्ध चांदीचा १०.५, तांब्याचा ८.९, सोन्याचा १९.३, शिशाचा ११.३. तेव्हा १०.३ म्हणजे चांगल्या चांदीशी जुळणारं नाणं. पण एवढ्या लहान नाण्यात काट्याची ०.०१ ची चूकसुद्धा उत्तर तीन टक्क्यांनी हलवते. म्हणून पाच वेळा करून सरासरी घ्या आणि या आकड्याला पुराव्यातला एक भाग समजा, निकाल नव्हे. तिसऱ्या शतकातल्या हीणकस चांदीला हा प्रयोग लावण्यात अर्थ नाही. गॅलिएनसच्या काळापर्यंत अँटोनिनियानसमधली चांदी पाच टक्क्यांच्याही खाली गेली होती. अशी नाणी वरून चांदीची दिसतात आणि आत जवळजवळ तांबंच असतं.

काशाच्या नाण्यांना पाण्याचा प्रयोग करू नका. तिथे रंग बघा, पण फक्त कडेला किंवा जुन्या ओरखड्यात. पिवळसर असेल तर पितळ (सेस्टर्टियस, डुपाँडियस), लालसर असेल तर तांबं (अ‍ॅस). डुपाँडियस आणि अ‍ॅस आकारानं सारखेच असतात. हिरव्या थरामुळे रंग कळत नसेल तर मुकुट बघा. नीरोनंतर डुपाँडियसवर बहुधा किरणांचा मुकुट असतो, अ‍ॅसवर पानांचा.

हेच किरण चांदीत दुसरी खूण देतात. किरणांचा मुकुट असलेला राजा म्हणजे अँटोनिनियानस, पानांचा मुकुट म्हणजे दिनारियस. राणी असेल तर तिच्या खांद्यांखाली चंद्रकोर आहे का ते बघा. चंद्रकोर असेल तर अँटोनिनियानस.

## टप्पा ४: मागची बाजू आधी

इथे सगळ्यात जास्त लोक चुकतात. राजाचा चेहरा शेकडो छापांवर जवळजवळ तसाच असतो. मागचं चित्र मात्र ठरावीक वर्षांतच येतं. म्हणून आधी मागच्या बाजूचं वर्णन शब्दांत लिहा, नाव न देता: "दोन सैनिक समोरासमोर, हातात भाले, मध्ये दोन निशाणं."

चौथ्या शतकातली, बाजारात वारंवार दिसणारी काही चित्रं:

- दोन सैनिक, मध्ये दोन निशाणं: ३३० ते ३३५
- दोन सैनिक, मध्ये एकच निशाण: ३३५ नंतर, नाणं लहान आणि हलकं
- लांडगी आणि तिचं दूध पिणारी दोन बाळं, पुढच्या बाजूला शिरस्त्राण घातलेली रोमा (रोम शहराची देवता): ३३० पासून
- छावणीचा दरवाजा, वर बुरूज आणि तारा: मुख्यतः ३२४ ते ३३०
- घोड्यावरून कोसळणाऱ्या शत्रूला भाला मारणारा सैनिक: ३४८ नंतर
- कैद्याला केसांना धरून ओढणारा राजा: ३६४ नंतर, व्हॅलेंटिनियन आणि व्हॅलेन्स यांच्या नाण्यांवर अगदी नेहमीचं

एक आणि दोन निशाणांची गल्लत रोजची. झिजलेल्या नाण्यावर दोन काठ्या एकमेकींत मिसळून एक दिसते. अशा वेळी टप्पा २ मधलं वजन काढा. अडीच ग्रॅम आणि १७-१८ मिमी असेल तर दोन निशाणांची शक्यता जास्त, दीड ग्रॅम आणि १५-१६ मिमी असेल तर एकाची.

तपासा: मागच्या बाजूला एस आणि सी ही मोठी अक्षरं सुटी दिसतात का? दिसली तर बहुधा पहिल्या ते तिसऱ्या शतकातलं पितळ किंवा तांबं. आणि लेखात ग्रीक अक्षरं असतील तर थांबा. ते प्रांतिक, म्हणजे प्रांतातल्या एखाद्या शहरानं पाडलेलं, नाणं असण्याची दाट शक्यता आहे. त्याची सूची वेगळी आहे, पुढचे टप्पे जसेच्या तसे लागू होणार नाहीत.

## टप्पा ५: तळरेषेखालची खूण

मागच्या चित्राच्या पायाशी एक आडवी रेष असते. तिच्याखालच्या अरुंद जागेत उशिराच्या नाण्यांवर टांकसाळीची खूण असते. दोन-चार अक्षरंच, पण पुढची सगळी शोधाशोध त्यांच्यावर अवलंबून.

टी-आर म्हणजे ट्रियर (आजचं जर्मनी), पी-एल-जी म्हणजे ल्यों, ए-क्यू म्हणजे अ‍ॅक्विलिया, एस-आय-एस म्हणजे सिस्किया (आजचं क्रोएशियातलं सिसाक). एस-एम नं सुरू होणाऱ्या खुणांमध्ये पुढची अक्षरं बघायची: टी-एस थेसालोनिका, एच हेराक्लिया, एन निकोमीडिया, के सिझिकस, ए-एन अँटिओक, ए-एल अलेक्झांड्रिया. शहराच्या अक्षरांच्या पुढे किंवा मागे कार्यशाळेचं, म्हणजे टांकसाळीतल्या विभागाचं, अक्षर असतं. पश्चिमेकडे बहुधा लॅटिन (पी, एस, टी, क्यू म्हणजे पहिली, दुसरी, तिसरी, चौथी), पूर्वेकडे ग्रीक (आल्फा, बीटा, गॅमा, डेल्टा).

दोन सापळे आहेत.

पहिला: तळाशी सी-ओ-एन-एस-टी दिसलं की कॉन्स्टँटिनोपल, असं सगळे गृहीत धरतात. हे आर्ल आहे, फ्रान्समधलं. त्या शहराचं नाव काही काळ कॉन्स्टँटिना होतं. कॉन्स्टँटिनोपलच्या खुणेत सी-ओ-एन-एस नंतर ग्रीक कार्यशाळेचं अक्षर येतं. आर्लच्या खुणेत शेवटी टी आणि सुरुवातीला पी किंवा एस.

दुसरा: तळाशी टी-आर-पी म्हणजे ट्रियरची पहिली कार्यशाळा. हीच तीन अक्षरं काठावरच्या लेखात आली तर तो राजाच्या ट्रिब्यून अधिकाराचा, म्हणजे त्याच्या एका पदवीचा, उल्लेख. अक्षरं कुठे आहेत हे लिहिल्याशिवाय नुसतं "टी-आर-पी" लिहू नका.

पहिल्या-दुसऱ्या शतकातल्या दिनारियसवर अशी खूण शोधत बसू नका, नसतेच.

## टप्पा ६: लेख वाचणं

आता दर्शनी बाजू. लेख बहुतेक वेळा डाव्या खालच्या कोपऱ्यातून, घड्याळातल्या सात-आठच्या जागेवरून, सुरू होतो आणि घड्याळाच्या दिशेनं जातो. यू नसतो, त्याच्या जागी व्ही. शब्दांत जागा सोडलेली नसते. जिथे राजाचं डोकं मध्ये येतं तिथे लेख तुटतो, आणि तो नेमका कोणत्या अक्षरानंतर तुटला हेही लिहून ठेवा. उशिराच्या छापांत त्यावरून दोन जवळचे प्रकार वेगळे करता येतात.

एका चिठ्ठीवर जेवढी अक्षरं दिसतात तेवढीच लिहा. न दिसणाऱ्या प्रत्येक अक्षरासाठी एक टिंब द्या. अंदाजानं भरलेलं अक्षर आणि दिसलेलं अक्षर दोन दिवसांनी तुम्हालाच वेगळं करता येणार नाही.

नेहमीची संक्षिप्त रूपं: आय-एम-पी म्हणजे सेनाधिपती-सम्राट, ए-व्ही-जी म्हणजे ऑगस्टस (पहिल्या सम्राटाचं नाव, पुढे सम्राटाची पदवी), पी-एम म्हणजे मुख्य पुरोहित, सी-ओ-एस म्हणजे कॉन्सल (रोममधलं वर्षभराचं सर्वोच्च पद), पी-पी म्हणजे राष्ट्रपिता. सुरुवातीला डी-एन (आमचा स्वामी) आलं तर नाणं बहुधा चौथ्या शतकातलं किंवा नंतरचं. एन-ओ-बी-सी म्हणजे युवराज दर्जाचा सीझर, अजून ऑगस्टस न झालेला. ए-व्ही-जी च्या शेवटी जी दोनदा आला तर दोन ऑगस्टस, तीनदा आला तर तीन.

एक नाणं जवळून. काशाचं, १७.५ मिमी, २.४ ग्रॅम, अक्ष १२. मागे दोन सैनिक, दोन निशाणं, तळाशी टी-आर-पी. पुढच्या बाजूला कॉन्स्टँट पर्यंतची अक्षरं स्पष्ट, पुढे दोन अक्षरं झिजलेली, मग व्ही-एस. उजव्या कडेला आय-व्ही-एन आणि एन-ओ-बी-सी. इथे घाई केली तर "कॉन्स्टंटाइन द ग्रेट" अशी चिठ्ठी लागते. पण मोठ्या कॉन्स्टंटाइनच्या या छापावर एम-ए-एक्स ए-व्ही-जी असतं आणि डोक्यावर मोत्या-फुलांची पट्टी. इथे पानांचा मुकुट आहे आणि सीझरची पदवी. आय-व्ही-एन म्हणजे ज्युनियर. म्हणजे हा मुलगा, दुसरा कॉन्स्टंटाइन, नाणं ट्रियरचं, ३३० ते ३३५. कॉन्स्टँट नंतर दोन अक्षरांची जागा आहे (आय-एन), हेही जुळतं. एकच अक्षर मावलं असतं तर नाव कॉन्स्टँटियस, म्हणजे त्याचा भाऊ.

## टप्पा ७: पदव्यांवरून वर्ष

इथे इतिहास खऱ्या अर्थानं कामाला येतो. राजा कितव्यांदा कॉन्सल झाला हे नाण्यावर लिहिलेलं असतं आणि त्या वर्षांच्या याद्या उपलब्ध आहेत. ट्रेजनच्या नाण्यावर सी-ओ-एस आणि पाच असेल तर १०३ ते १११, सहा असेल तर ११२ ते ११७. अँटोनिनस पायसवर चार असेल तर १४५ ते १६१.

हेड्रियनच्या नाण्यावर तिसरी कॉन्सलशिप दिसली म्हणून खूश होऊ नका. तो ११९ मध्ये तिसऱ्यांदा कॉन्सल झाला आणि पुन्हा कधीच झाला नाही, त्यामुळे हा आकडा १३८ पर्यंत चालतो. तिथे पदव्या आणि चित्राची शैली बघावी लागते.

ट्रेजनच्या बाबतीत आणखी एक. ऑप्टिमस (सर्वोत्तम) ही पदवी त्याच्या नावाला ११४ पासून जोडली गेली. पण मागच्या बाजूवरचा "ऑप्टिमो प्रिन्सिपी" हा लेख १०३ पासूनच येतो. पुढच्या बाजूला नावात ऑप्टिमो असेल तरच ११४ नंतरचं म्हणा.

राण्यांच्या नाण्यांवर दिवा हा शब्द बघा, म्हणजे निधनानंतर देवत्व दिलेली. थोरली फॉस्टिना (अँटोनिनस पायसची राणी; धाकटी ही तिची मुलगी) १४० मध्ये वारली, तेव्हा दिवा फॉस्टिना लिहिलेलं प्रत्येक नाणं त्यानंतरचं. धाकट्या फॉस्टिनाशी गोंधळ टाळायला हा एक शब्द पुष्कळदा पुरतो.

## टप्पा ८: सूची क्रमांक

सूची आता उघडायची. साम्राज्याच्या नाण्यांची प्रमाण सूची म्हणजे दहा खंडांची रोमन इम्पीरियल कॉइनेज, म्हणजेच आरआयसी. तिच्यावर आधारलेली ओक्रे ही शोधसूची अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीनं इंटरनेटवर मोफत ठेवली आहे. आधी टांकसाळ, मग राजा, मग मागच्या लेखातला एक शब्द, या क्रमानं गाळत जा.

क्रमांक लिहिताना होणारी चूक: पहिल्या पाच खंडांत क्रमांक प्रत्येक राजाला एकपासून सुरू होतात, सहा ते नऊ खंडांत प्रत्येक टांकसाळीला. म्हणून सातव्या खंडाचा नुसता क्रमांक लिहिला तर तो निरुपयोगी. "आरआयसी ७, ट्रियर, अमुक" असं पूर्ण लिहा. पहिल्या खंडाची सुधारित आवृत्ती १९८४ ची आणि दुसऱ्याच्या पहिल्या भागाची २००७ ची. जुन्या आवृत्तीचे क्रमांक वेगळे आहेत, तेव्हा आवृत्तीही लिहा.

कार्यशाळेचं अक्षर झिजलं असेल तर क्रमांक बळेच ठरवू नका. "ट्रियर, ३३०-३३५, अचूक क्रमांक अनिश्चित" ही नोंद चुकीच्या क्रमांकापेक्षा कितीतरी मोलाची.

## टप्पा ९: खरं की ओतीव

खरं नाणं दोन ठशांमध्ये ठोकलेलं असतं. भिंगाखाली काठाजवळच्या अक्षरांभोवती धातू बाहेर सरकल्याच्या बारीक रेषा दिसतात आणि अक्षरांच्या भिंती उभ्या असतात. ओतीव बनावटीत अक्षरं साबणासारखी गुळगुळीत, पृष्ठभागावर बुडबुड्यांचे गोल खड्डे, कडेवर जोडाची रेष किंवा ती लपवायला मारलेल्या कानशीच्या खुणा. कड सगळीकडून बघा. पुढची-मागची बाजू सुंदर करणारे बनावटकार कडेवर कंटाळतात.

सगळ्यात पक्का पुरावा जुळ्याचा. एकाच ठशाची दोन खरी नाणी असू शकतात, पण त्यांच्या चकत्यांचे आकार, चिरा आणि ओरखडे कधीच सारखे नसतात. लिलावांच्या जुन्या फोटोंत तुमच्या नाण्यासारखाच ओरखडा, तशीच चीर असलेलं दुसरं नाणं सापडलं तर दोन्ही एकाच साच्यातून निघाली आहेत किंवा एक दुसऱ्याची नक्कल आहे. मोठ्या, सुबक सेस्टर्टियसच्या बाबतीत सोळाव्या शतकातल्या पादुआच्या जोव्हानी कावीनोच्या नकला आणि त्यांच्याही ओतीव प्रती डोक्यात ठेवा.

भारतीय साठ्यांमधून आलेल्या नाण्यांना दोन वेगळे नियम. दक्षिणेत सापडलेल्या अनेक सोन्याच्या नाण्यांवर राजाच्या चेहऱ्यावर छिन्नीचा आडवा घाव असतो. १८९८ मध्ये पुदुक्कोट्टईला सापडलेल्या ५०१ सोन्याच्या नाण्यांपैकी बहुसंख्य अशी आहेत. तो घाव प्राचीन आहे, दोष समजून बुजवू नका. दुसरं, रोमन नाण्यांच्या नकला इथेही त्याच काळात होत होत्या. चित्र ओळखीचं पण लेखाच्या जागी अर्थहीन रेघा असतील तर "आधुनिक बनावट" म्हणण्याआधी वजन, अक्ष आणि झीज बघा. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला तर रोमन नाण्यांच्या धर्तीचे मातीचे ठसे सापडले आहेत. ती नाणी नव्हेत, दागिने म्हणून वापरलेल्या वस्तू मानल्या जातात.

## टप्पा १०: साफ करायचं का?

चांदी आणि सोनं: नाही. काशाच्या नाण्याचा गुळगुळीत हिरवा, तपकिरी किंवा काळा थर: हात लावू नका. तो थर म्हणजेच नाण्याचा पृष्ठभाग. अक्षरं त्या थरातच टिकून आहेत, खाली चमकदार नाणं दडलेलं नाही.

चिंच, लिंबू, व्हिनेगर, पितांबरी, ब्रासो, टूथपेस्ट, तारेचा ब्रश यांपैकी काहीही नको. ऑलिव्ह तेलात बुडवून ठेवायचा सल्ला फिरतो, तोही आम्लधर्मी असल्यामुळे हळूहळू थर खातो.

फक्त माती चिकटलेली असेल तर:

१. डिस्टिल्ड पाण्यात बुडवून ठेवा. बॅटरीत घालायला मिळतं ते पाणी चालतं, पण बाटलीवर ॲसिड लिहिलेलं नाही ना ते वाचा.
२. दोन-तीन दिवसांनी पाणी बदला. हे काही आठवडे चालू द्या.
३. मऊ ब्रशनं, मग लाकडी टूथपिकनं, भिंगाखाली माती उचला. ओढू नका, टोचू नका.
४. थर हलतोय असं वाटलं त्या क्षणी थांबा.
५. पूर्ण वाळवा. ओलसर नाणं डबीत बंद करणं म्हणजे पुढच्या रोगाला बोलावणं.

## टप्पा ११: हिरवी पूड आणि पावसाळा

फिकट, चकचकीत हिरव्या रंगाची पूड नखानं सुटत असेल तर तो काशाचा रोग. धातूतली क्लोराइडं हवेतल्या ओलाव्यानं जागी होतात आणि नाणं आतून पोखरतात. घट्ट, न सुटणारा हिरवा थर मात्र निरोगी असतो. शंका असेल तर नाणं ओल्या कापसाशेजारी बंद डबीत एक-दोन दिवस ठेवा. नवी पूड आली तर रोग चालू आहे.

ते नाणं लगेच बाकीच्यांपासून वेगळं करा. भिंगाखाली लाकडी टोकानं पूड पूर्ण खरवडा, पाच टक्के सोडियम सेस्क्विकार्बोनेटच्या द्रावणात ठेवा, द्रावण दर आठवड्याला बदला. नंतर डिस्टिल्ड पाण्यात अनेक वेळा धुवा, मंद उष्णतेत वाळवा आणि संग्रहालयांत वापरतात त्या मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात द्या. या द्रावणानं थराचा रंग थोडा बदलू शकतो, म्हणून निरोगी नाण्यावर ते "खबरदारी म्हणून" वापरू नका.

ठेवण्यासाठी पीव्हीसीची मऊ पाकिटं टाळा. त्यांतून सुटणारा हिरवट चिकट पदार्थ नाण्यावर बसतो. मायलरची (पॉलिएस्टरच्या पारदर्शक पत्र्याची) पाकिटं घ्या. प्लायवूड आणि एमडीएफच्या कपाटातून आम्लाच्या वाफा येतात, लोखंडी कपाट बरं. रबरबँड आणि वर्तमानपत्राचा कागद चांदीजवळ नको, गंधकानं चांदी काळी पडते. डबीत सिलिका जेल ठेवा आणि रंग बदलला की ते गरम करून पुन्हा वापरा.

प्रत्येक नाण्यासोबत चिठ्ठी: राजा, प्रकार, धातू, वजन, व्यास, अक्ष, दोन्ही लेख जसे दिसले तसे, टांकसाळ, काळ, सूची क्रमांक, कुणाकडून, कधी, कितीला. हीच नोंद फोटोसह दुसरीकडेही ठेवा. मुंबई, कोकण आणि गोव्यात जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी काशाची नाणी भिंगाखालून काढा, पूड दिसली तर त्याच दिवशी वेगळी करा, आणि चिठ्ठीच्या मागे तपासल्याची तारीख पेन्सिलनं लिहा.